धुऱ्यावरून हाक

"ताने, पायाकडे नको पाहू वं. धुऱ्याकडे पाह्य."

ही हाक वामनरावांनी ऐकली तेव्हा त्यांना नुकती मिसरूड फुटत होती. हिवरखेडला मामासोबत ते पोरगी पाहायला गेले होते. पेरणीचे दिवस, कोणाला फुरसत नव्हती. मामा म्हणाला, पाटावर बसवलेली पोरगी सगळी सारखीच दिसते, वावरात पाहून घे. म्हणून दोघं वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभे राहिले. पुढे तिफन चालली होती, बैलांच्या गळ्यात घुंगरं वाजत होती आणि तिफनीमागे एक सावळी पोरगी सरता धरून चालत होती. सरता म्हणजे बांबूची पोकळ नळी, वर लाकडाची वाटी, आणि नळीचा दोर तिफनीला बांधलेला. वाटीत मूठ सैल सोडत जायची, दाणा घरंगळत मातीत जातो. एक हात नळीवर, एक हात दाण्यावर, पाय ढेकळांत. तोल सांभाळायला तिसरा हात देवानं दिलेला नाही.

पोरगी अडखळली. तिनं खाली पाहिलं आणि कलंडायला लागली. तेव्हा धुऱ्यावरून तिच्या मायनं ती हाक मारली. पोरीनं मान वर केली. मायशेजारी एक अनोळखी पोरगा उभा होता, त्याच्याकडे तिनं टक लावून पाहिलं, आणि त्याच्यावरची नजर न काढता ती चालत आली. मागे पेरणीचा तास, मातीतली ओळ, सुतासारखी सरळ उमटली.

ते नाव वामनरावांच्या कानात राहिलं, तोंडात मात्र कधी आलं नाही. घरात थोरल्या वहिनीचं नाव तानुबाई. एका चुलीपाशी दोन तान्या कशा चालतील, असं आई म्हणाली. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं वामनरावांनीच नवं नाव लिहिलं, रुख्मिणी. अक्षर चांगलं आलं म्हणून सगळ्यांनी वाखाणलं. पुढे त्या नावानंही त्यांनी बायकोला हाक मारली नाही. आधी नुसतं "अवं", मग "चंद्रभानची माय". भातकुलीत सगळे नवरे असंच करायचे.

आता एकसष्ट साल होतं, आणि चंद्रभानच्या मायच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळत चालली होती, उसवल्या पोत्यातून ज्वारी गळावी तशी. आधी वरणात दोनदा मीठ पडायचं. मग नातवांची नावं एकमेकांना लागायला लागली. मग एका सकाळी तिनं वामनरावांच्या पुढ्यात चहा ठेवला आणि विचारलं, "पाव्हणे, कोन्या गावचे?" घरात हसू झालं. वामनराव हसले नाहीत. बशीतला चहा त्यांनी निवू दिला.

तोवरही चाललं असतं. पण ती निघायला लागली. सकाळी, दुपारी, केव्हाही. "माय वाट पाहून राहिली," म्हणायची आणि हिवरखेडच्या वाटेला लागायची. हिवरखेड अकोल्याच्याही पलीकडे. इकडे पाय तिचं ऐकेनासे झाले होते. एकदा नाल्याच्या उतारावर पडली, मनगट मोडलं. दुसऱ्यांदा उंबरठ्यावर पडली, कपाळाला टाके. अमरावतीचा डॉक्टर म्हणाला, "तिसऱ्यांदा खुबा जाईल. या वयात खुबा गेला की माणूस परत उभं राहत नाही. बाजेवरच ठेवा."

पोळा नुकताच सरला होता. वामनराव बाजारातून आले तर ओसरीत बाज टाकलेली, बाजेवर ती, आणि तिचा उजवा पाय बाजेच्या गाताला, कडेच्या दांडीला, बांधलेला. पट्टी मऊ होती, जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाची. ती गुडघा पोटाशी घेऊन गाठ दातांनी सोडवू पाहत होती.

"हे काय हाये?" वामनरावांनी विचारलं.

"डॉक्टरनं सांगतलं, बाबा," चंद्रभान म्हणाला. पस्तिशी ओलांडलेला बाप्या, पण नजर जमिनीवर.

"बांधायले सांगतलं?"

"बाजेवर ठेवा मनलं. ठेवू कशी? तुमी वावरात, मी वावरात. इंदूचे हात भाकरीच्या पिठात. अन् माय निघाली हिवरखेडले, तं कोन धरन? मले काय हौस हाये काय?" त्याचा आवाज चिरकला. "मागच्या बारीले तिचं रगत म्या पुसलं, बाबा. तुमी नाई."

ते खरं होतं. वामनराव तेव्हा कोर्टाच्या तारखेला गेले होते.

रुख्मिणीनं बांधलेला पाय हातभर त्यांच्याकडे पुढे केला. "पाव्हणे, हे सोडा बरं. मी काई गाय नोहो."

वामनरावांनी पिशवी खाली ठेवली, वळचणीतला विळा काढला आणि गाठीखालून पट्टी कापली.

"दावं ढोराले लागते," ते म्हणाले. "या घरात मानसाले नाई."

"अन् पडली तं?"

"हरभऱ्याच्या पेरनीपर्यंत दम धर. तोवर पडली नाई तं ही पट्टी तिच्या पायाले पुन्हा लागनार नाई. पडली तं तू मनशीन तसं. मी तोंड उघडनार नाई."

"तुमी चालवनार तिले? तुमी?"

त्या "तुमी"त सगळं आलं. जो आयुष्यात बायकोच्या शेजारून रस्ता चालला नाही, जो नेहमी दहा पावलं पुढे, तो.

"मी," वामनराव म्हणाले.

चुलीपाशी इंदूबाई भाकरी थापता थापता थांबली होती. "मामाजी," सून हळूच म्हणाली, "मी बी हाये."

अमरावतीला वामनरावांचे वकील होते बापूसाहेब. त्यांची मुलगी प्रमोदिनी मुंबईला जाऊन कसलंसं शिकून आली होती. अंगाला औषध न लावता, सुई न टोचता, नुसत्या कसरतीनं माणूस उभा करायचं शिक्षण. दवाखान्यामागच्या एका खोलीत ती लकव्याच्या पोरांना चालायला शिकवायची. गावात तिला मालिशवाली म्हणायचे. बापूसाहेबांच्या ओळखीतले लोक हळहळायचे, एवढी शिकवली आणि पोरगी लोकांचे पाय धरते. प्रमोदिनी सांगायची, "धरते कुठे? सोडायला शिकवते."

वामनराव म्हातारीला एसटीनं घेऊन गेले. प्रमोदिनीनं तिचे तळपाय पाहिले, घोटे फिरवून पाहिले, तिला उठायला लावलं, बसायला लावलं, डोळे मिटून उभं राहायला लावलं. मग म्हणाली, "पाय चांगले आहेत. कमरेतही जोर आहे. तोल विसरलाय."

"मोठे डॉक्टर मनले, निजवून ठेवा."

"निजवलं तर महिन्याभरात पायही विसरतील." तिनं पदर खोचला. "मला इथं काय ऐकवतात, ठाऊक आहे? पोरांसाठी आहे ही खोली, पिकल्या पानांवर कशाला वेळ घालवता. मी म्हटलं, पान अजून झाडावर आहे तोवर ते झाडाचं आहे. चला आजी."

खोलीत कमरेइतक्या उंचीचे दोन लांब दांडे समांतर बसवले होते. दोन्ही हातांनी धरायचे आणि मधून चालायचं. प्रमोदिनीनं म्हातारीला दांड्यांमध्ये उभं केलं. रुख्मिणीनं एका दांड्याकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, आणि मट्कन खाली बसली.

"मले जुतता काय वं?" ती म्हणाली. "बंडीले बैल नाई काय तुमच्या घरी?"

प्रमोदिनीनं समजावलं. म्हातारीनं मान फिरवली. पाय उचला म्हटलं, ती पाय पोटाशी घ्यायची. पुढे या म्हटलं, ती मागे सरकायची. शेवटी प्रमोदिनीनं तिला काखेत धरून उभं करायचा प्रयत्न केला, तर म्हातारीनं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की बाई ओय करून बाजूला झाली. मग दंड चोळत ती भिंतीला टेकून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईतो.

"वामनराव, चूक माझी. ही तिची जागाच नाही. आणि शब्दही तिचे नाहीत. हिच्या डोक्याला काही सांगायचं नाही, पायालाच सांगायचं. जे काम करताना ही कधी पडली नाही, ते काम हातात द्या."

मग तिनं वामनरावांना शिकवलं. ओढायचं नाही, ढकलायचं नाही. बाजूला, किंचित मागे उभं राहायचं. तिच्या कमरेला पट्टा बांधायचा आणि त्यात आपली बोटं अडकवायची. ती कलंडली तरच बोटांनी सांगायचं, एरवी बोटांनी गप्प बसायचं. बाजेवरून हात न टेकता उठवायचं, पुन्हा बसवायचं. भिंतीच्या कडेनं आडवं चालवायचं. मागून धावत जाऊन कधी धरायचं नाही, दचकली की पडलीच. आणि काही झालं तरी खाली पाहू द्यायचं नाही.

"पट्टा?" वामनराव म्हणाले. "तो हाये माह्यापाशी."

विळ्यानं कापलेली हिरव्या काठाची पट्टी इंदूबाईनं दोन टाके घालून जोडली. जी पायात होती, ती कमरेला आली.

भातकुलीनं असं कधी पाहिलं नव्हतं. भल्या सकाळी, सगळ्या गावादेखत, वामनराव बायकोच्या कमरेच्या पट्ट्यात बोटं अडकवून तिच्यासंगं गल्लीतून चालायचे. पाणी भरणाऱ्या बाया पदराआड हसायच्या. महादेवरावाच्या ओट्यावर रोज मैफिल जमायची, तिथून शेरे सुटायचे.

"काय वामनराव, म्हैस फिरवायले निघाले काय?"

वामनराव थांबले. थांबताना पट्टा हलू दिला नाही.

"महादू, माह्या लग्नात हिच्या पदराची अन् माह्या शेल्याची गाठ बांधली, तवा तू पंगतीत होता का नाई?"

"होतो ना. बुंदी होती."

"तवा हासला होता काय?"

"तवा कायले हासू?"

"मंग आताच कायले हासतं? गाठ तेच हाये. बुंदी तेवढी नाई." आणि बायकोला म्हणाले, "चाल वं."

ओट्यावरचे दोघं-तिघं महादेवरावालाच हसले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा शेरा आला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. वामनराव रोज त्याच गल्लीतून गेले. घरामागून एक रिकामी वाट होती. इंदूबाईनं ती सुचवली तेव्हा ते म्हणाले, "चोरी करून राहिलो काय मी?"

सगळं सरळ चाललं होतं असं नाही. प्रमोदिनीनं सांगितलं होतं, काठी आडवी टाका आणि ओलांडायला लावा, पाय उचलायची सवय लागेल. वामनरावांनी काठी सापडेना म्हणून अंगणात मुसळ टाकलं. रुख्मिणी मुसळापाशी आली, थबकली आणि कडाडली. "मुसळ ओलांडतात काय? कोन्या घरचे मानसं तुमी? माय हाये का नाई घरात?" वाकून तिनं ते जड मुसळ दोन्ही हातांनी उचललं, भिंतीशी नेऊन उभं केलं आणि त्याला हात लावून नमस्कार केला. वामनराव पाहतच राहिले. वाकली, उचललं, वळली, चालली, आणि पट्टा त्यांच्या बोटांत सैलच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम मुसळ आडवं टाकलं. रोज शिव्या खाल्ल्या. रोज मुसळ भिंतीशी गेलं.

मग त्यांना गोठ्याच्या आढ्याला खोचलेला सरता आठवला. जळमटं झाडून त्यांनी तो खाली काढला. वाटी गुळगुळीत झालेली, नळीवर बोटांच्या जागी बांबू चकाकत होता. त्यांनी तो तिच्या हातात दिला.

तिच्या बोटांनी नळी आपोआप धरली. दुसरा हात ओच्यात गेला, दाणे नव्हते, तरी मूठ भरून आली. ती अंगणात चालायला लागली. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, वळून पुन्हा, पावलापुढे पाऊल. आणि तिच्या गळ्यातून कित्येक दिवसांनी आवाज निघाला, जात्यावरचा, सुरात कमी आणि श्वासात जास्त.

*तिफन चाले पुढे, मांगं माही पायवाट,*
*धुऱ्यावर उभी माय, तिच्या डोळ्यात पहाट.*

इंदूबाई हातातलं पीठ तसंच घेऊन दारात आली. चंद्रभान बैल सोडायला आला होता, तो दाव्याची गाठ हातात धरून उभा राहिला. त्या दिवशी त्यानं अंगणातले दगड वेचून कुंपणाबाहेर टाकले.

एकच गोष्ट जाईना. मधेच गाणं तुटायचं. ती थांबायची, आपल्याच पायांकडे पाहायची, जणू कोणा दुसऱ्याचे पाय इथं विसरून गेलेत. आणि खाली पाहिलं की तिचं सगळं अंग त्या नजरेमागे झुकायचं. पट्टा ताणला जायचा. वामनराव सावरून घ्यायचे. पण पट्टा नसता तर?

दसऱ्यानंतर प्रमोदिनी स्वतः भातकुलीला आली. एसटीतून उतरल्यापासून पोरं तिच्या मागे, मालिशवाली आली म्हणत. अंगणात तिनं म्हातारीचं चालणं शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "माझ्या खोलीतले दांडे मोडून चुलीत घालावेत असं वाटतं. छान चालतात. पण हे खाली पाहणं. त्या वेळी कोणी समोरून हाक मारली पाहिजे. मान वर आली की तोल आपोआप येतो."

"मारतो ना हाक," चंद्रभान म्हणाला. "माय मनतो. पाह्यत नाई."

"आत्या मनून पाह्यलं, रुख्मिणीबाई मनून पाह्यलं," इंदूबाई म्हणाली. "जशी आमी दुसऱ्या कोनाले बलावून राहिलो."

"तिच्या मनानं ती आता इथं नाहीच," प्रमोदिनी म्हणाली. "हिवरखेडला आहे, लहान आहे. कोणाची आई नाही, कोणाची सासू नाही. त्या वयातलं नाव हवं. माहेरी काय म्हणायचे हिला?"

सगळ्यांनी वामनरावांकडे पाहिलं.

वामनरावांना अकोल्याचं ठेसन दिसलं. लग्न लागून वऱ्हाड परत निघालं होतं. हिवरखेडहून बंड्या, अकोल्याहून आगगाडी. फलाटावर गर्दी उसळली, नवरी मागे राहिली. गाडी सुटायला आली तशी आई दारातून ओरडायला लागली, रुख्मिणी, अवं रुख्मिणी. नवरी चार हातांवर उभी होती, पाठमोरी, इकडे तिकडे पाहत, रडकुंडीला आलेली. आणि वळत नव्हती. ते नाव तिचं आहे हे तिला कालच कळलं होतं, अजून कानाला ठाऊक नव्हतं. डब्यातले सगळे हसले. बहिरी पोरगी आणली काय, कोणी म्हणालं. वामनराव खिडकीत होते. एक शब्द पुरला असता. मामा त्यांच्याकडेच पाहत होता, डोळे मिचकावत. शब्द जिभेवर आला आणि लाजेनं तिथंच बसला. शेवटी कोणीतरी उतरून तिला दंडाला धरून आणलं. पुढे ती शिकली. रुख्मिणी म्हटलं की वळायची. पाऊण आयुष्य वळली.

आता ती ते नाव टाकून निघाली होती, आणि वामनरावांना लाजेहून मोठी एक भीती वाटत होती. रुख्मिणी होती तोवर ती त्यांची होती. चुलीची, चंद्रभानची, भातकुलीची. तानी हिवरखेडची. आपणच त्या नावानं हाक मारली तर आपणच तिला त्या वाटेला लावून दिल्यासारखं होईल. मग मागे काय उरेल? एक पाव्हणा आणि एक गार झालेला चहा.

"मले नाई आठवत," ते म्हणाले.

प्रमोदिनीनं त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग तिनं पिशवी उचलली. "आठवलं तर सांभाळून ठेवू नका," एवढंच म्हणाली.

पेरणीचा दिवस आला. हवेत गारवा होता, वावर काळंभोर, ओल अजून पोटात धरून. चंद्रभाननं तिफन जुंपली. हरभऱ्यात करडीची ओळ टाकायची म्हणून मागे सरता बांधला, आणि सरत्यावर मजूरबाई मैनाबाई. त्या दिवसापर्यंत रुख्मिणी पडली नव्हती. तो दिवस मावळला की बोली पुरी होणार होती.

"तिले घरीच ठेवा आज," चंद्रभान म्हणाला. "आजच्या दिसाले कायले धोका घेता?"

"तिची पेरनी हाये," वामनराव म्हणाले. "ती पाह्यन." आणि बंडीत बसवून तिला घेऊन आले. धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली घोंगडी टाकली, तिला बसवलं. दुपार होऊ घातली तशी तिनं पट्टा ओढायला सुरुवात केली. कमरेला काचत होता. वामनरावांनी तो सोडला, घडी करून घोंगडीवर ठेवला आणि तिच्यासाठी बंडीतली पाण्याची घागर आणायला गेले. बंडी धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला होती.

इकडे तिफन कडुनिंबापाशी वळली होती, मैनाबाई सरता मातीत टेकवून पदरानं तोंड पुसायला थांबली होती. चंद्रभान तिफनीच्या फणात अडकलेली काडी काढत होता. काडी निघाली, त्यानं मागे न पाहता बैलांना हाक दिली. घुंगरं वाजली. मैनाबाई वळून पाहते तर सरता चालला होता, आणि तो धरून म्हातारी.

वामनराव घागर घेऊन घोंगडीपाशी परतले तेव्हा ती वावराच्या मधोमध होती. पांढरं डोकं, ओचा खोचलेला, मूठ सैल. पावलापुढे पाऊल. ढेकळांवरून ती अशी चालली होती की मैनाबाईचा पदर तोंडाशीच राहिला. मग घुंगरांच्या तालात काहीतरी चुकलं, की पायाखाली मोठं ढेकूळ आलं, कोण जाणे. ती थांबली. तिफन थांबली नाही. दोराला हिसका बसला आणि सरता तिच्या हातातून सुटून फरफटत गेला.

तिनं खाली पाहिलं.

"माय," चंद्रभान ओरडला. त्यानं तिफन सोडली, हिसक्यानं सुटून आलेला बैलांचा कासरा हातात तसाच लोंबत होता. "माय, हालू नको. आलो मी." आणि तो धावत सुटला, तिला वळसा घालून पाठीमागून धरायला.

"धावू नको," वामनराव ओरडले. "चंद्रभान, थांब तिथीसाच."

चंद्रभान थांबला, पण त्याच्या डोळ्यांत बोली दिसत होती, बाज दिसत होती. म्हातारी डुलत होती. एक हात हवेत काही धरू पाहत होता, तिथं नळी नव्हती, पट्टा नव्हता. मैनाबाईनं हाक मारली, "आत्याबाई." दुसऱ्या वावरातून महादेवराव, जो कधी तिच्याशी बोलला नव्हता, तोही ओरडला, "वैनी, सांभाळा." ती आपल्या पायांकडे पाहत होती, आणि हळूहळू त्या नजरेच्या मागे झुकत होती.

वामनराव धुऱ्यावर उभे होते. तेव्हाही असेच धुऱ्यावर उभे होते. शेजारी मामा नव्हता, तिची माय नव्हती. हाक मारायला दुसरं कोणी उरलं नव्हतं.

त्यांनी घागर खाली ठेवली.

"ताने."

आवाज खरखरीत आला. त्यांनी पुन्हा छाती भरून घेतली आणि सगळ्या वावरभर, चारी धुऱ्यांवर, ऐकू जाईल असं म्हणाले, "ताने, पायाकडे नको पाहू वं. धुऱ्याकडे पाह्य."

म्हातारीची मान वर आली, आवाजाच्या दिशेनं वळली.

ती पाहत राहिली. अंग सरळ झालं, हात खाली आला. मग तिनं पाऊल उचललं. त्यांच्यावरची नजर न काढता ती ढेकळं तुडवत आली, कोणी धरलेलं नाही, कोणी ओढलेलं नाही, मागे मऊ मातीत तिच्या पावलांचा तास एका रेघेत. धुऱ्याच्या चढाशी वामनरावांनी हात पुढे केला. तिनं तो धरला आणि वर आली.

चंद्रभान धापा टाकत पोचला. कासरा अजून त्याच्या मुठीत होता. वामनरावांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि बैलांकडे बोट दाखवलं. "याची जागा तिकडे."

"बाबा," चंद्रभान म्हणाला, "तानी कोन?"

"तुही माय."

चंद्रभाननं मायकडे पाहिलं, जणू त्यानं तिला आजवर पाहिलंच नव्हतं. घोंगडीवरची हिरव्या काठाची पट्टी त्यानं उचलली, नीट घडी केली, मायच्या कमरेत हलक्या हातानं खोचली आणि बापाच्या हातातला कासरा घेऊन बैलांकडे गेला.

ती अजून वामनरावांचा हात धरून होती. इकडे तिकडे पाहत म्हणाली, "माय कुठी गेली? आताच आवाज देल्ला तिनं."

"म्या देल्ला."

"तुमी कोन?"

वामनरावांनी फेटा काढला, पुन्हा नीट बांधला. "तुले पाह्याले आलो," ते म्हणाले. "भातकुलीहून."

ती लाजली. सुरकुत्यांतून ती लाज वर येताना त्यांनी पाहिली, आणि त्यांच्या लक्षात आलं की ती कुठंच निघालेली नाही, इथंच उभी आहे, त्यांच्या हाताला धरून, धुऱ्यावर. तिनं पदर डोक्यावरून ओढला आणि मातीकडे न पाहता, सरळ त्यांच्याकडे पाहून विचारलं, "मंग? पसंत नाई काय?"

"पसंत हाये," वामनराव म्हणाले. "नाव बी पसंत हाये. घरात कोनी काई बी मनो, ते बदलायचं नाई. तांदळावर मी तानीच लिहीन."